जात्याजवळची भुई

जयवंता मालोजीच्या घरी आली ती पाट लावून. तिचा पहिला नवरा खालापूरच्या अंगाला, लग्नाला दोन पावसाळे होतात न होतात तोच पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. मालोजीची बायको येसू पौषात तापानं गेली होती. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बसून ठरवलं, पानसुपारी झाली, आणि फाल्गुन सरता सरता नवं लुगडं नेसून, बोचकं काखेत मारून जयवंता पळसदरीला आली. कर्जतला आगगाडी येऊन तेव्हा वीसेक वर्षं होत आली होती. घाट चढणाऱ्या इंजिनाची धाप गावात दिवसभर ऐकू यायची, पण गावचं माणूस अजून पायीच चालायचं.

घरात माणसं तीनच. मालोजी स्वतः, त्याची म्हातारी आई भागूबाई आणि येसूची मुलगी जनी. जनी सहा-सात वर्षांची असेल. जयवंता उंबऱ्यावरून आत आली तेव्हा ती कणगीच्या आड उभी होती आणि तिथूनच एका डोळ्यानं बघत होती.

घर बघून जयवंता घाबरली. भागूबाईची कंबर मोडलेली. भाकरी थापायची आणि चुलीपुढची हातभर जागा पोतेऱ्यानं पुसायची, एवढंच तिच्यानं व्हायचं. बाकी घर येसूमागं तसंच राहिलं होतं. आढ्याला जळमटं लोंबत होती, तांब्या-पितळेची भांडी लोखंडासारखी काळी पडली होती, आणि वाकळांना असा कुबट वास येत होता की अंगावर घेणाऱ्यानं नाक दाबावं. कुडाच्या भिंतीला टेकलं की पाठीला माती लागायची.

जयवंताचा स्वभावच असा होता. जीव घाबरला की तिचे हात कामाला लागायचे. पहिला नवरा गेला त्या साली तिनं माहेरची सगळी भांडी रोज घासली होती, घासायला काही उरलं नव्हतं तरी.

दुसऱ्याच दिवशी तिनं पदर खोचला. भागूबाईनं गाडग्यात घालून ठेवलेली जुनी चिंच काढून भिजत घातली. चुलीतली राख चाळून घेतली. नारळाच्या शेंडीचा बोळा केला आणि अंगणात बसून भांड्यांना चिंचेचा कोळ चोपडून ती राखेनं घासायला लागली. काळ्या घंगाळातून तांब्याचा लाल रंग हळूहळू वर आला, तशी ओसरीवर बसलेली भागूबाई पुढं सरकली.

"लग्नात आनलं तेव्हा असं दिसत व्हतं गं ते," ती म्हणाली.

कुडाला लागलेली वाळवी जयवंतानं खरवडून काढली. कडुनिंबाचा पाला आणि निरगुडी पेटत्या गोवऱ्यांवर टाकून दार लोटून घेतलं. धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडायला लागला, आणि घरातले ढेकूण, झुरळं, कोळी असे बाहेर धावले की मालोजी बैल सोडता सोडता हसला. येसू गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असं भागूबाईनं नंतर सांगितलं.

जनी हे सगळं लांबून बघत होती. हाक मारली तर यायची नाही, जेवायला वाढलं तर ताट उचलून आजीच्या मागं जाऊन बसायची. जयवंताला ती काहीच म्हणत नव्हती. आई नाही, मावशी नाही. काही हवं असलं तर भिंतीकडं बघून मागायची.

मग सारवायची पाळी आली. जयवंतानं गोठ्यातलं ताजं शेण टोपलीत आणलं, माती मिसळली, पाणी घालून छान काला केला आणि ओटीपासून सुरुवात केली. ओटी झाली, माजघर निम्मं झालं, आणि ती कोपऱ्यातल्या जात्याकडं सरकली, तेवढ्यात जनी धावत आली. ती जात्याजवळच्या भुईवर पालथी पडली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "हितं नाय!"

"अगं, ऊठ बाळा, अंगाला शेन लागंल."

"हितं नाय सारवायचं!"

ओरडा ऐकून मालोजी आत आला. नव्या बायकोपुढं पोरीनं असा हट्ट करावा याची त्याला लाज वाटली असावी. त्यानं हात उगारला. जयवंता मध्ये आली. "ऱ्हावू द्या," ती म्हणाली. "काय हाय तितं, ते तरी बघू."

मालोजी बाहेर गेल्यावर जनी थोडी बाजूला सरकली. जयवंतानं वाकून पाहिलं. भुईवर सारवणाचे जुने फराटे होते. बाकी घरभर पायांनी पुसून गेलेले, पण जात्याच्या आडोशाला कुणाचा पाय पडत नव्हता म्हणून इथं तसेच राहिलेले. चार बोटांच्या रेघा, एकावर एक अर्धगोल. मरणाच्या आधी येसूनं सारवलं होतं ते तिच्या बोटांसकट तिथं होतं.

"आयेची बोटं हायत," जनी भुईला सांगितल्यासारखं म्हणाली.

जयवंतानं टोपली उचलली. जात्याजवळची पोर आडवी होईल एवढी जागा तिनं सोडून दिली आणि बाकीचं घर सारवून टाकलं.

मनाला मात्र ते लागलं. रोज सकाळी ती जात्याशी बसायची आणि दळता दळता नजर त्या तुकड्यावर जायची. सगळं घर लख्ख झालं होतं. पाणी तुरटी फिरवून निवळत होतं, भांड्यांत तोंड दिसत होतं, दारापुढं सडा पडत होता. आणि मधेच हा करड्या, भेगाळल्या भुईचा तुकडा. जणू घरानं तिला सांगावं, की बाई, तू कितीही राब, हे घर तुझं नाही. शेजारपाजारच्या बाया पाणी भरताना विचारायच्या, "अजून नाय का सारवलंस ते? घरात अशी जागा ठेवू नाय." जयवंता घागर डोक्यावर चढवून निघून यायची.

त्या तुकड्यात मुंग्या झाल्या. जनी दुपारी तिथंच आडवी व्हायची, तर तिच्या दंडावर पिसवांचे लाल ठिपके उठले. जयवंतानं भोवतीनं राखेची रेघ ओढली, भेगांच्या कडेला निंबाचा पाला चुरून टाकला. झाडताना ती केरसुणी न लावता तोंडानं फुंकर मारायची, कारण केरसुणी लागली की रेघांच्या कडा ढासळायच्या. अशी फुंकर मारायला ती ओणवी व्हायची, तेव्हा तिचं तोंड येसूच्या बोटांपासून वीतभर लांब असायचं.

रोज इतक्या जवळून पाहिल्यावर ती बाई तिला ओळखू यायला लागली. भिंतीकडून सुरुवात करून ती आपल्याकडं ओढत यायची. भिंतीलगत तिचे फराटे लांब आणि घाईचे होते. जात्यापाशी मात्र ते लहान लहान, माशाच्या खवल्यांसारखे नीट बसवलेले. एका ठिकाणी तळहाताचा खोल ठसा होता. जयवंताला वाटलं, तिथं तिनं हात टेकून दम खाल्ला असेल. अंगात ताप तेव्हाच भरला असेल. कसकस असतानाही तिनं कोपरा अर्धा सोडला नव्हता. हे लक्षात आलं त्या सकाळी जयवंताचं दळण बराच वेळ थांबलं. येसूला तिनं कधी पाहिलं नव्हतं. सवत म्हणून मनात जी एक अढी होती, ती कधी सैल झाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

चैत्रात गावची जत्रा आली, म्हणून मालोजीची थोरली बहीण सोनुबाई चौक गावाहून आली. सोनुबाई मनानं चांगली, हातानं खमकी. आल्या आल्या तिनं घर पाहिलं आणि जयवंताच्या पाठीवरून हात फिरवला. "घराला घरपन आनलंस गं, वैनी," ती म्हणाली.

वाकळा अजून धुवायच्या राहिल्या होत्या. जत्रेच्या आदल्या दिवशी जयवंतानं रिठे फोडून कोमट पाण्यात भिजत घातले, राखेचं निवळ पाणी वेगळं काढलं, आणि सगळं घेऊन ओढ्याकडं निघाली. दारातून तिनं सहज विचारलं, "जने, येतीस का? फेस करायला माणूस पायजे."

कसं कोण जाणे, जनी उठली.

ओढ्याला पाणी थोडंच होतं, पण स्वच्छ होतं. जयवंतानं वाकळा आधी राखेच्या पाण्यात भिजवून तुडवल्या. मळ असा निघाला की पाणी चहाच्या रंगाचं झालं. मग तिनं जनीच्या पुढ्यात रिठ्याचं भांडं ठेवलं. "घुसळ, ताक घुसळल्यागत." जनीनं दोन्ही हात घातले. फेस भांड्याबाहेर आला, कोपरांपर्यंत चढला. तिनं तो फुंकला तर जयवंताच्या नाकावर जाऊन बसला. जनी आधी दचकली आणि मग खदखदून हसली. इतके दिवस हे हसू कुठं होतं, असं जयवंताला झालं. तिनं उरल्या फेसानं पोरीचं डोकं धुतलं. डोळ्यांत गेलं म्हणून जनी ओरडली, पण डोकं काढून घेतलं नाही. दोघींनी वाकळांची दोन टोकं धरून पीळ घातला, खडकांवर पसरल्या, आणि त्या वाळेपर्यंत करवंदं खात बसल्या.

उन्हं कलल्यावर दोघी घरी आल्या. सोनुबाई कोपरांपर्यंत शेणानं माखलेली, दारातच उभी होती आणि हसत होती.

"जत्रेचं पावनं येनार. म्हटलं, तुजं एक काम हलकं करावं. सगळं माजघर सारवून काढलं बघ. तो कोपरा तर कसा झाला व्हता, लाज वाटावी!"

जयवंताच्या हातातली वाकळ खाली पडली. आत सगळी भुई ओली, हिरवी, एकसारखी. जात्यापर्यंत, भिंतीपर्यंत. खरं सांगायचं तर क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. गेलं एकदाचं, आपल्या हातून नाही गेलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली.

जनी रडली नाही. जयवंताकडं बघून ती म्हणाली, "म्हनून मला वड्यावर नेलंस."

"न्हाय गं जने, मला ठावं नव्हतं—"

"तूच सांगितलंस आत्येला."

भागूबाई बाजूच्या घरी गेली होती, ती आली. तिनं आत पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि सगळं सोनुबाईला सांगितलं. सोनुबाईचं तोंड उतरलं. "मला मेलीला कुनी सांगितलं न्हाय," ती म्हणाली, आणि जनीला जवळ घ्यायला गेली. जनी हिसडा मारून गोठ्यात पळाली. सोनुबाईनं तिथं जाऊन शपथा घेतल्या, भागूबाईनं समजावलं. पोरगी खांबाला मिठी मारून उभी. तिचा एकच हेका, नव्या बाईनं मुद्दाम केलं.

जयवंता तिच्या मागं गेली नाही. ती आत गेली. भुई अजून ओली होती. नवं सारवण वरच्यावर असेल, खालचं जुनं कोरडं ठणठणीत आहे. ओलं आहे तोवर वरचा थर अलगद टिपून घेतला तर खालच्या रेघा सापडतील, असं तिला वाटलं. तिनं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, ओला करून पिळला आणि कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली. दाबायचा आणि उचलायचा, चोळायचा नाही. पहिल्या दोनदा शेण निघालं. तिसऱ्यांदा खाली करडं काही दिसलं. एक रेघ दिसली, बोटभर लांब. पुन्हा तिनं फडकं टेकवलं, उचललं, आणि रेघही फडक्याला लागून आली. खालची भुई पाणी प्यायली होती. वरचा थर आणि खालचा थर आता एकच चिखल झाला होता.

तरी तिनं सोडलं नाही. जरा बाजूला, मग भिंतीलगत, मग तळहाताचा ठसा होता तिथं. सगळीकडं तेच. कोपऱ्यात नुसता चिखल झाला, मध्ये खड्डा पडला. "काय करू गं बाय," ती म्हणाली. ते कुणाला म्हणाली, तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक येसूलाच. मग तिला रडू आलं, आणि शेणाच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून तिनं तोंड दंडात खुपसलं.

मागं कुणाची तरी चाहूल लागली. जनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं खड्डा पाहिला, फडकं पाहिलं, जयवंताचं माखलेलं तोंड पाहिलं.

"आयेची बोटं काढतीस?" तिनं विचारलं.

"काढत व्हते. गेली गं. मला न्हाय जमलं."

जनी ओल्या भुईवरून चालत आली. तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले. ती जयवंताशेजारी उकिडवी बसली. आता मात्र ती रडायला लागली, आणि रडता रडता तिचं डोकं जयवंताच्या खांद्याला टेकलं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाव जत्रेला गेला. सोनुबाई मालोजीला आणि पाहुण्यांना घेऊन देवळाकडं गेली. जयवंता मागं राहिली, आणि जनीही. कोपऱ्यातला खड्डा तसा ठेवून चालण्यासारखं नव्हतं. जयवंतानं शेताच्या बांधावरची चिकट माती आणली, भाताचा तूस मिसळून मळली आणि खड्डा भरून चोपून बसवला. मग शेणाचा काला केला. पण हात घालायच्या आधी ती थांबली.

"जने, तुजी आय कशी सारवायची, सांगू?"

"तू कुटं बगितलंस तिला?"

"तिला न्हाय बगितलं. तिचं सारवन बगितलं, रोज. ती भिंतीपासनं सुरू करायची आनि आपल्याकडं वढायची. हितं लांब लांब. आनि हितं जात्यापाशी ल्हान, एकावर एक, खवल्यांसारखं."

जनीचे डोळे मोठे झाले. ती कोपऱ्याकडं सरकली. मग म्हणाली, "आनि सारवून झालं का हात जात्यावर टेकून उठायची. आजी वरडायची, जात्याला शेन लागतं म्हनून."

ओसरीवरून भागूबाईचा आवाज आला. "वरडायचीच! आनि ती वाकून सारवायची न्हाय कदी, बसूनच मागं मागं सरकायची. मी म्हनायची, आळशी हायस. ती नुसती हसायची." म्हातारी भिंतीला धरत आत आली. दाराशी ती टेकली. "आळशी नव्हती गं माजी पोर," ती म्हणाली. "तिची कंबर दुखायची. मला आता कळतंय, माजी दुखायला लागल्यावर."

जयवंतानं टोपली जनीपुढं सरकवली. जनीनं हात घातला, मूठभर काला घेतला आणि भिंतीपाशी टेकवला. हात लहान, बोटं लहान; फराटा वाकडा गेला. तिनं जयवंताकडं पाहिलं.

"वढ," जयवंता म्हणाली. "दाबू नगं, पानी जसं जातं तसं जाऊ दे."

दुसरा फराटा बरा आला. तिसऱ्याला जयवंतानं आपला हात शेजारी लावला, आणि दोघी बसल्या बसल्या मागं सरकत आल्या. मध्येच जनी तिला थांबवायची. "असं न्हाय, आय असं करायची," म्हणत तिचं मनगट धरून फिरवायची. कधी भागूबाई म्हणायची, "न्हाय गं, आनखी बारीक." तिघींनाही नक्की आठवत नव्हतं, आणि जयवंतानं तर येसूला पाहिलंही नव्हतं. तरी कोपरा भरत आला तसा तो कुणा एकीचा राहिला नाही. जात्यापाशी खवले उठले. काही मोठ्या बोटांचे, काही लहान.

झाल्यावर जनी जात्यावर हात टेकून उठली. जात्याला शेण लागलं. भागूबाई ओरडली नाही.

मग जनीच्या कालच्या पावलांनी उखडलेली दारापर्यंतची भुईही सारवून घेत तिघी बाहेर अंगणात येऊन बसल्या. आत जायची सोय नव्हती. भुई वाळेपर्यंत बाहेरच बसायला हवं होतं. जत्रेतल्या ढोलाचा आवाज येत होता. जयवंतानं काल धुतलेली वाकळ चिंचेखाली अंथरली. वाकळेला उन्हाचा आणि पाण्याचा वास येत होता. भागूबाई त्यावर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. जयवंतानं जनीचे केस मोकळे करून विंचरायला घेतले. रिठ्यानं ते मऊ झाले होते, फणी अडकत नव्हती.

"दर खेपेला असंच सारवायचं?" जनीनं विचारलं.

"तुला वाटंल तसं. कदी तुज्या आयेसारखं, कदी माज्यासारखं. मला आमच्या आयेनं शिकवलंय, ते पन चांगलं असतंय. फुलं काडता येतात."

"फुलं कशी?"

"पुढच्या खेपेला दाखवते."

जनीनं थोडा विचार केला. "पुढल्या खेपेला वटीवर काडू," ती म्हणाली. "तितं समद्यांना दिसतील."

दुपार टळायला आली तेव्हा मालोजी सगळ्यांच्या पुढं एकटाच परत आला. कपाळाला गुलाल, हातात पोरीसाठी आणलेला बत्ताशांचा पुडा. भुकेनं कासावीस झाला होता. अंगण ओलांडून तो तरातरा ओटीवर चढला आणि माजघराच्या उंबऱ्याकडं वळला.

"बा, थांब! पाय ठेवू नगं!" जनी केस अर्धवट सोडून धावली आणि हात आडवे पसरून उंबऱ्यात उभी राहिली. मालोजी जागच्या जागी थबकला. त्यानं तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. कोपरा त्याच्या नजरेला पडला.

"कुनी सारवलं गं?" त्यानं हळूच विचारलं.

"आमी," जनी म्हणाली. "ओलं हाय. वाळू दे मग जेव."

मालोजीनं जयवंताकडं पाहिलं. ती फणी हातात धरून चिंचेखाली बसली होती. मग तो ओटीवरून उतरला, वाकळेच्या कडेला येऊन बसला आणि त्यानं बत्ताशांचा पुडा सोडला. जनी अजून उंबऱ्यातच उभी होती, राखण करत. तिला तिथंच बत्तासा नेऊन द्यायला जयवंताच उठली.